मी काय तुझी ती रडकी राजकन्या आहे का?

पत्र थोडक्यात: नागपूरची 20 वर्षांची मुलगी, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. दीड वर्षापासून एका अ‍ॅपवर मराठीत फॅन्टसी कादंबरी लिहितेय, जमेल त्या शुक्रवारी नवा भाग, 31 झाले. गोष्ट अशी की वरच्या अंगाच्या राज्याने धरण बांधून नदी अडवलीये, खालचं राज्य तहानलेलं, आणि पाण्याच्या तहात खालच्या राज्याच्या 16 वर्षांच्या राजकन्येचं लग्न तिकडच्या राजपुत्राशी ठरतं. राजपुत्राला शाप आहे, सूर्य मावळला की त्याची सावली त्याला सोडून स्वतःच्या मर्जीने हिंडते. वाचकांना फक्त एकच हवंय, दोघांचं जमणार कधी. मैत्रीण म्हणते तू जबरदस्तीच्या लग्नाला साखर लावून विकतेस. आणि घरी ताईसाठी (26, नोकरी करते, घरातलं निम्मं तीच बघते) स्थळं बघणं चालू आहे. भाग 29 मधला राजकन्येला पाहायला येतात तो प्रसंग जवळपास घरचाच, त्यात ताईने रात्री गच्चीवर सांगितलेली दोन वाक्यं जशीच्या तशी: 'हातात ट्रे घेतला की मला माझेच हात परके वाटतात' आणि 'ते सगळे मला बघत होते, मी पंख्याकडे बघत होते'. ताईने ते वाचलं. एवढंच म्हणाली, 'मी काय तुझी ती रडकी राजकन्या आहे का?' आणि आठ दिवस झाले, बोलत नाहीये. मुलीचे प्रश्न तीन: कादंबरी डिलीट करू का, अशा गोष्टी आवडणं चूक आहे का, आणि ताईला या लग्नातून वाचवू कशी.

पोरी,

मी तुझे प्रश्न उलटीकडून घेते, कारण खरी गडबड तिसऱ्यात आहे. 'ताईला वाचवू कशी.' काहून वाचवायचं बाप्पा? तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग चहा ठेवला, परत वाचलं, आणि ताईला लग्न नकोय असं एक वाक्य मला त्यात सापडलं नाही. गच्चीवर ती बोलली ते ट्रेबद्दल आणि पंख्याबद्दल. पाहण्याचा कार्यक्रम नको असणं वेगळं, हा मुलगा नको असणं वेगळं आणि लग्नच नको असणं अजून वेगळं, तू तिन्ही एकाच पिशवीत भरून वर गाठ मारलीस. मे महिन्यात 45 डिग्रीत, कूलरच्या घरघरीत, जरीची साडी नेसून पाच अनोळखी लोकांपुढे बसलं तर कोणालाही आपले हात परके वाटतील, त्यातून तिचं लग्नाबद्दलचं मत निघत नाही, फार तर साडीबद्दलचं निघेल.

उलट तूच एका ठिकाणी सहज लिहून गेलीस की अमरावतीच्या मुलाचा फोन आला की ती गॅलरीत जाते आणि हसते, आणि पुढे लगेच, 'नाटक करत असेल'. असेलही. पण नसेल तर? तुला ती दुःखीच हवी आहे का, असा प्रश्न मला पडला, रागावू नको.

आता तिचं वाक्य परत वाच. तुला वाटतंय ती चिडली कारण तू तिचं बोलणं उचललंस. ते आहेच, त्यावर येते. पण मला त्यात 'रडकी' हा शब्द जास्त लागला. जी बाई बाबांच्या बीपीच्या गोळ्या लक्षात ठेवते, सिलिंडर बुक करते, तुझ्या कॉलेजची फी ऑनलाइन भरते (हे सगळं तूच लिहिलंयस), तिला तिच्या लहान बहिणीने चारचौघात बिचारी करून टाकलं. चोरी माणूस विसरतो गं. कीव नाही विसरत.

आणि अजून एक. तुझ्या पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ आहे, 'ताईचं झालं की दोन वर्षांत माझं बघतील'. मला वाटतं सगळं पत्र या ओळीसाठी लिहिलंय. राजकन्या ताई नाहीच मुळी, राजकन्या तू आहेस, ताईचे हात आणि ताईचा ट्रे तू उसने घेतलेस कारण तुझ्या हातात अजून ट्रे आलेला नाही. लिहिणारे हे करतात, त्यात पाप नाही. पण मग घाबरलेली मी आहे हे कबूल करायचं, ताई घाबरलीये असं जगाला सांगायचं नाही.

म्हणून आधी हे कर. भाग 29 आज रात्री ड्राफ्टमध्ये टाक, वाचक काय म्हणतील ते नंतर बघू. मग ताईकडे जा आणि माफी माग, तोंडी, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, आणि त्या माफीत 'पण' हा शब्द येऊ देऊ नको. 'सॉरी ताई पण मी नाव बदललं होतं', 'सॉरी पण वाचकांना तोच भाग सगळ्यात आवडला', असलं काही नाही. 'तू मला एकटीला सांगितलेलं मी सगळ्यांना सांगितलं, आणि तुला न विचारता तुला बिचारी केलं', बस, एवढं. त्याच बैठकीत भाग परत टाकायची परवानगी मागू नको, ती माफी नाही होत, तो सौदा होतो. ती लगेच बोलली नाही तर नाही बोलली, आठ दिवस झालेत, अजून चार जातील.

बोलायला लागली की एकच विचार, 'तुला तो मुलगा कसा वाटून राहिला?' आणि गप्प बस. मनातल्या मनात सुद्धा नोट्स घेऊ नको.

ती म्हणाली की आवडतोय, तर तुझं काम संपलं, साडीला पिना लावायला जा. ती म्हणाली की अजून कळत नाहीये, तर तिला वेळ मिळवून दे, हे धाकट्या बहिणी फार छान करू शकतात. माझं स्वतःचं लग्न नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीत 11 मिनिटांच्या बोलण्यावर ठरलं, त्यातली सात मिनिटं लाईट गेलेली होती, नशीब बरं निघालं पण मी कोणाला ही पद्धत सुचवणार नाही. दोघांना बाहेर भेटू दे, तीन-चार वेळा, फुटाळ्यावर नाहीतर बर्डीवर कुठे कॉफी प्यायला, आणि बोलणं आवडीनिवडीवर नको, कामाच्या गोष्टींवर होऊ दे. नोकरी कोण कुठे करणार, पगार कोणाच्या खात्यात राहणार, आई-वडील आजारी पडले तर कोणाकडे कोण जाणार. आणि मुख्य म्हणजे, नको वाटलं तर 'नाही' कोणी कळवायचं, हे आधीच ठरलेलं असावं, कारण आपल्याकडे होकार द्यायला सगळं खानदान पुढे आणि नकार द्यायची वेळ आली की मुलगी एकटी.

आणि ती जर म्हणाली की नकोय आणि घरचे ऐकत नाहीयेत, तर मग ती वेगळी गोष्ट, तेव्हा घरात ज्याचं बाबा ऐकतात असा एक माणूस पकडायचा, आत्या असेल, मामा असेल, आणि त्यालाच पुढे करायचा. या सदराकडे अशी पत्रं नेहमी येतात म्हणून त्या मुलींसाठीही लिहून ठेवते. 181 हा महिलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जबरदस्तीने किंवा फसवून होकार घेतला असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, पण जबरदस्ती संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळे 'बघू, सवय होईल' करत वर्ष घालवायचं नाही.

आता दुसरा प्रश्न, आवडणं चूक आहे का. नाही. पुढचा प्रश्न. बरं, एवढ्यावर नाही सोडत, कारण मागच्या महिन्यात एका आईचंही पत्र होतं की मुलगी सारखी असल्या राजकुमारांच्या गोष्टी वाचते, फोन काढून घेऊ का. काढू नका हो ताई, काय वाचते ते तिला विचारा, रंगून सांगेल. ज्या घरात बहुतेक लग्नं ठरवूनच झाली तिथल्या मुलीला, दोन अनोळखी माणसं एका छताखाली टाकली तर पुढे काय होतं, ही उत्सुकता वाटणारच ना, ती उद्या हाच पेपर सोडवणार आहे.

पण तुझी मैत्रीण अर्धी बरोबर आहे. राजकन्येचं वय 16 ठेवलंस, ते बदल, 19 कर, 20 कर, प्रेमकथा लिहायची तर दोघं सज्ञान पाहिजेत. 'जुन्या काळात असंच व्हायचं' हे कारण चालणार नाही, तुझ्या राज्यात सावल्या फिरायला जातात, तिथे मुली दोन-चार वर्षं उशिरा लग्न करू शकतात. आणि दुसरं, तू राजपुत्राला फार देखणा केलास. हसू नको. राजकन्येवर अन्याय झाला, पण भरपाई म्हणून तिला काळ्याभोर डोळ्यांचा उंच नवरा मिळाला, आणि वाचकाने सुटकेचा श्वास सोडला. एक करून बघ, भाग 12 ते 20 मधून त्याचं सगळं देखणेपण काढून टाक, तो एक बरा, बुटका, घामाघूम होणारा माणूस कर, आणि मग वाच. जिथे जिथे तुला 'अरे हे तर भयंकर आहे' वाटेल तिथे तिथे मैत्रीण बरोबर आहे.

पण तिचं दुसरं अर्धं मला पटत नाही. ठरवलेलं लग्न म्हणजे मुलीच्या हातात काहीच नाही, असं धरून ती बोलते. आणि तूही तसंच धरून लिहितेस, तुझी राजकन्या 31 भागांत एकदाही कोणाशी घासाघीस करत नाही, फक्त खिडकीत उभी राहते. विदर्भात बसून असं लिहितेस? अगं ही तर राजकन्यांच्या लग्नांची जमीन आहे, आपल्या वऱ्हाडाचं नावच लग्नाला निघाल्यासारखं आहे.

रुक्मिणी घे. कौंडिण्यपूर, अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. भावाने शिशुपालाशी ठरवलं, तिला नको होतं, तर तिने कृष्णाला पत्र पाठवलं. भागवतात त्या पत्राचे 7 श्लोक आहेत, आणि मला त्यातली भक्ती तर आवडतेच पण त्याहून जास्त तिचं प्लॅनिंग आवडतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर अंबिकेच्या देवळात जाते, तिथून मला ने. पत्ता, वेळ, सगळं तिनेच कळवलं, कृष्णाला फक्त रथ आणायचा होता. दमयंती पण विदर्भाचीच, साक्षात देव स्थळ म्हणून आले तर तिने नकार कळवला, आणि स्वयंवरात चार देव तिच्या आवडत्या नळराजाचं रूप घेऊन बसले, सारखे दिसणारे पाच नळ समोर आल्यावर घाम कोणाला येतो, पापणी कोणाची लवते, पाय कोणाचे जमिनीला टेकतात हे बघून आपला माणूस ओळखला. (घामाघूम होणारा राजपुत्र मी उगीच नाही सुचवला.) आणि लोपामुद्रा. विदर्भाच्या राजाची मुलगी, अगस्त्य ऋषींनी मागणी घातली, आई-बापाला द्यायची नव्हती पण शापाची भीती, तर ती स्वतः म्हणाली द्या मला. वल्कलं नेसून गेली, रानात राहिली. पण ऋषी जवळ यायला लागले तेव्हा तिने अट घातली की माझ्या वडिलांच्या महालात जसा पलंग होता तशा पलंगावर या. आणि ऋषी गेले ना धन मिळवायला, एकेका राजाच्या दारी! होकार दिल्यानंतरसुद्धा अट घालता येते, हे महाभारतात लिहून ठेवलंय.

ह्या झाल्या पुराणातल्या. खऱ्या तहातली राजकन्या हवी असेल तर रामटेकजवळच्या नगरधनला जा. आज तिथे दिसतो तो किल्ला नंतरच्या काळातला, पण विदर्भाचे जुने राजे वाकाटक, त्यांची राजधानी नंदिवर्धन ती हीच असं अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, त्याला पश्चिमेकडच्या क्षत्रप राजांशी लढायचं तर दक्षिणेची बाजू आपल्याकडे हवी, म्हणून मुलगी प्रभावतीगुप्ता इथल्या दुसऱ्या रुद्रसेनाला दिली, असं इतिहासकार सांगतात. म्हणजे तुझीच गोष्ट, पाण्याऐवजी सैन्य. काही वर्षांतच नवरा गेला, मुलं लहान. आणि मग या बाईने राज्य चालवलं. तिचा एक ताम्रपट आहे, पुण्यात मिळाला म्हणून पुणे ताम्रपट म्हणतात पण दिलेला नंदिवर्धनहून, कारभाराच्या 13 व्या वर्षी. त्यात सासरची वंशावळ सुरुवातीला नाही, माहेरची आहे, गुप्तांची. गोत्रसुद्धा तिने माहेरचंच लावलं, धारण. आणि स्वतःबद्दल शब्द वापरला 'उभयकुलालंकारभूता', दोन्ही घरांचा दागिना. आता 'दोन्ही' वाचून तुला वाटेल माहेर आणि सासर, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. तर तसं नाही, त्याच्या आधी तिच्या बापाचं कूळ आहे आणि आईचं, नागकुळातल्या कुबेरनागेचं. सासर त्यानंतर येतं.

मला हे वाचून जे वाटलं ते सांगते. ती सुखी होती का, रुद्रसेनावर तिचं प्रेम होतं का, तो ताम्रपट सांगत नाही. तिला कोणी विचारून दिलं होतं का, तेही नाही सांगत. पण लग्न ठरवलं दुसऱ्यांनी आणि त्या लग्नात मी कोण हे मात्र तिने स्वतः, तांब्यावर कोरून सांगितलं. तुझ्या राजकन्येकडे असा एक तरी पत्रा दे.

म्हणजे काय करायचं, तर तहाचा मसुदा लिही. खरंच, कागद घेऊन, कलमं पाडून. तुझ्या कादंबरीत सगळे 'तह तह' करतात पण त्या तहात लिहिलंय काय ते मला 31 भागांच्या तुझ्या सारांशात कुठे दिसलं नाही. धरणाचे दरवाजे किती दिवस उघडे राहणार? राजकन्या मेली तर पाणी बंद होणार का? ती पळून गेली तर? (हे कलम लिहिलंस की कथानक आपोआप पळायला लागेल.) तिच्या स्वतःच्या खर्चाचं काय? आपल्याकडे राजघराण्यातल्या बायकांना चोळीबांगडीसाठी म्हणून गावं तोडून देत, त्या गावांचं उत्पन्न त्यांचं. तुझीने एखादं गाव मागितलं, आणि ते नेमकं धरणाच्या दरवाजाशेजारचं मागितलं, तर? लग्नसुद्धा वेगळं लाव. राजेरजवाड्यांत खांडा पद्धत होती, नवरदेव स्वतः येत नसे, त्याची तलवार यायची आणि मुलीचं लग्न त्या तलवारीशी लागायचं. तुझा राजपुत्र शापामुळे रात्रीच्या मुहूर्ताला उभा राहू शकत नाही, मग तलवार पाठवू दे, आणि त्या मांडवात त्याची सावली पाहुण्यांमध्ये येऊन बसलेली फक्त राजकन्येला दिसू दे. घे, हे फुकट दिलं.

आणि प्रेम? होऊ दे की. पण त्याआधी एक भाग असा लिही ज्यात राजपुत्र तिला म्हणतो, तू परत जाऊ शकतेस, पाणी मी बंद करणार नाही, आणि त्याच्याकडे ते खरंच करायची ताकद असली पाहिजे, नुसती बोलाची कढी नको. मग ती थांबली तर वाचकाला आणि तुझ्या मैत्रिणीलाही कळेल की ती कशासाठी थांबली. त्या आधीच्या भागात तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर ते प्रेम की सवय की दुसरी जागाच नव्हती, हे तुला लेखिका म्हणूनही सांगता येणार नाही.

पहिला प्रश्न उरला. डिलीट करू नको. दीड वर्ष लिहिलंयस, मराठीत लिहितेस, चांगलं लिहितेस, तो सावलीचा शाप मला झोपताना आठवला. भाग 29 नव्याने लिही, तुझ्या स्वतःच्या भीतीतून, ट्रे नको, पंखा नको. आणि कधीतरी, खूप नंतर, ताईचं मन असेल तर तिला लिहिलेलं आधी वाचायला दे, टाकायच्या आधी. ती नको म्हणाली तर तो भाग नाही.

वाचकांची काळजी करून राहिली आहेस की येत्या शुक्रवारी काय टाकू. काही टाकू नको. एक ओळ लिही, 'या आठवड्यात भाग येणार नाही, घरी काम आहे.' खोटं नाहीये ते.